जुन्या मुनिमाच्या अक्षरातली वही

64 लाख 44 हजार डॉलर. 2026-27 च्या हंगामात बफेलो सेबर्स या आइस हॉकी संघाच्या पगारखात्यात एवढी रक्कम जेफ स्किनर या नावासमोर लागणार आहे. स्किनरला त्यांनी 2024 च्या जूनमध्येच निरोप दिला. माणूस गेला, आकडा राहिला. सेबर्सच्या पक्क्या चाहत्याला विचारलं तर तो सहाही वर्षांचे आकडे पाढ्यासारखे म्हणून दाखवतो: 14, 44, 64, मग 24, 24, 24. सगळे लाखांत, वरचे हजार सोडून.

हा करार 2019 मध्ये केला जेसन बॉटरिल या जनरल मॅनेजरनं. मोडला केव्हिन अॅडम्स या जनरल मॅनेजरनं. आणि सर्वांत जड हप्ता येऊन पडतोय यार्मो केकलाइनेनच्या ताटात, ज्यानं 2025 च्या डिसेंबरात ती खुर्ची घेतली. पेढीवर नवा मुनीम यावा, त्यानं वही उघडावी आणि अर्धी पानं जुन्या मुनिमाच्या अक्षरात भरलेली असावीत, तसं हे. जीएमला ठेवावं की हाकलावं या वादात चाहते वर्षानुवर्षं घसे कोरडे करतात, त्यातला निम्मा वाद खरं तर अक्षर कोणाचं यावरच असतो.

बफेलो हे नाव मराठी माणसाला नायगारामुळे माहीत. अमेरिकेतल्या मुलाकडे गेलेले आईवडील धबधबा बघायला जातात, तेव्हा बफेलोचा विमानतळ किंवा महामार्गावरची पाटी त्यांना लागतेच. त्या शहरात तळ्याकाठी 19 हजार खुर्च्यांचं एक बंदिस्त मैदान आहे आणि 1970 पासून शहराचा एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मुख्य आइस हॉकी लीगमध्ये, संघ आहे. स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, त्यांनी एकदाही जिंकलेला नाही. 1975 आणि 1999 असे दोनदा अंतिम फेरीत जाऊन हरले. पण हरण्याचं दुःख वेगळं आणि खेळायलाच न मिळण्याचं वेगळं. एनएचएलमध्ये 32 संघ, 2025-26 पर्यंत प्रत्येकी 82 सामने, आणि 16 संघ प्लेऑफला जातात. म्हणजे बरोबर अर्धे. सेबर्स 2011 च्या वसंतात गेले आणि त्यानंतर 2024-25 पर्यंत सलग 14 हंगाम बाहेर राहिले. लीगच्या इतिहासात इतका मोठा दुष्काळ दुसऱ्या कोणाचा नाही. आधीचा विक्रम 10 हंगामांचा होता. नाणं उडवून चौदा वेळा ओळीनं काटाच पडण्याची शक्यता 16,384 मध्ये 1. लीग तर मुद्दाम अशी बांधलेली आहे की तळाच्या संघाला उत्तम नवे खेळाडू मिळावेत आणि श्रीमंत संघाला वाटेल तेवढा पैसा ओतता येऊ नये. तरीही चौदा हंगाम. याला नुसतं दुर्दैव म्हणणं दुर्दैवावर अन्याय होईल.

जनरल मॅनेजर नेमकं काय करतो? कोच सामना खेळवतो. कोणाला खेळवायचं त्यांची यादी जीएम आणून देतो. आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्याला निम्मं लगेच कळेल: प्रत्येक संघाच्या खर्चाला टोपी असते. आयपीएलमध्ये 2025 साठी ती 120 कोटी रुपयांची होती. एनएचएलमध्ये त्याच हंगामात 8 कोटी 80 लाख डॉलर, पुढच्या वर्षी 9 कोटी 55 लाख आणि 2026-27 साठी 10 कोटी 40 लाख. उरलेलं निम्मं मात्र आयपीएलवरून कळत नाही. तिथे तीन वर्षांनी पाटी बऱ्यापैकी कोरी होते. इथे आपल्या खेळाडूशी थेट आठ वर्षांचा करार करता येत आलाय (नव्या नियमांनी तो सातवर येतोय), करार जवळजवळ पूर्ण हमीचा, आणि चांगल्या खेळाडूंच्या करारात ‘मला अमुक संघांकडे पाठवायचं नाही’ अशी यादी देण्याचा हक्क असतो. नवा खेळाडू अठराव्या वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीनं नवी पोरं उचलायच्या कार्यक्रमात, निवडला जातो, बावीस-तेविसाव्या वर्षी उपयोगाचा होतो आणि सत्ताविसाव्या वर्षी किंवा सात हंगाम भरले की कुठेही जायला मोकळा. निवडणारा जीएम, घडवणारा जीएम आणि गमावणारा जीएम हे एकच असतील याची काही खात्री नाही. बफेलोत तर बहुधा नसतातच.

स्किनरचाच हिशेब घेऊ, कारण चाहत्यांच्या भांडणात ‘बायआउट’ (ठरावीक रक्कम देऊन करार मोडणं) हा शब्द वीस वेळा येतो आणि वीसपैकी पंधरा वेळा चुकीचा वापरला जातो. 2018-19 मध्ये स्किनरनं 40 गोल केले. करार संपत आलेला. बॉटरिलनं त्याला आठ वर्षं, एकूण 7 कोटी 20 लाख देऊन ठेवून घेतलं. टोपीखाली दरवर्षी सरासरी धरतात, म्हणजे 90 लाख. प्रत्यक्ष पगार मात्र वर्षागणिक वेगळा. 2020-21 च्या अर्ध्यामुर्ध्या हंगामात त्यानं 7 गोल केले. पुढे तो सावरलाही, पण 2024 च्या उन्हाळ्यात तीन वर्षं उरली असताना अॅडम्सनं करार मोडायचं ठरवलं. त्या तीन वर्षांचे पगार होते 1 कोटी, 70 लाख आणि 50 लाख. बेरीज 2 कोटी 20 लाख. सव्विशी ओलांडलेल्या खेळाडूला उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश द्यावे लागतात, आणि तेही उरलेल्या वर्षांच्या दुप्पट मुदतीत. दोन तृतीयांश झाले 1 कोटी 46 लाख 67 हजार. सहा वर्षांत वाटले की दरसाल 24 लाख 44 हजार.

इथपर्यंत सगळ्यांना जमतं. चूक होते पुढे. टोपीखाली लागणारी रक्कम म्हणजे हा हप्ता नव्हे. आधी त्या वर्षी किती वाचले ते काढायचं: पगार वजा हप्ता. मग ते मूळच्या 90 लाखांतून वजा करायचं. पहिल्या वर्षी 1 कोटीतून 24 लाख 44 हजार गेले, वाचले 75 लाख 56 हजार. 90 मधून ते काढले की उरले 14 लाख 44 हजार. स्वस्त वाटतं. दुसऱ्या वर्षी पगार मुळातच 70 लाख, वाचले 45 लाख 56 हजार, भार 44 लाख 44 हजार. तिसऱ्या वर्षी पगार 50 लाख, वाचले जेमतेम 25 लाख 56 हजार, भार 64 लाख 44 हजार. पुढची तीन वर्षं, 2029-30 पर्यंत, नुसता हप्ता. म्हणजे करार मोडणाऱ्याला पहिल्या वर्षी सुटल्यासारखं वाटतं आणि दुखणं बाहेर येतं दोन वर्षांनी. ज्याची खुर्ची डळमळीत आहे त्याला हा सौदा गोड वाटला तर नवल नाही. अॅडम्सनं तेवढ्यासाठीच केला असं मी म्हणत नाही. कारणमीमांसा त्यानं खेळाची दिली होती. पण नियमच असा आहे की घाईत असलेल्या माणसाला तो मोहात पाडतो. टोपी वर्षागणिक उंच होतेय म्हणून 64 लाख पूर्वीइतके बोचणार नाहीत, एवढाच काय तो दिलासा.

आता मागे जाऊ, कारण हे रोप लावलं गेलं टिम मरे या जनरल मॅनेजरच्या काळात. टेरी पेगुलानं 2011 च्या फेब्रुवारीत संघ विकत घेतला तेव्हा आजपासून या संघाचं अस्तित्व स्टॅन्ली कपसाठी असं सांगून टाकलं होतं. शहर वेडावलं. नैसर्गिक वायूच्या धंद्यात अब्जाधीश झालेला, स्वतः संघाचा भक्त असलेला मालक; आणखी काय पाहिजे? दोन-तीन वर्षांत जुना जीएम डार्सी रेगियर गेला, सोळा वर्षं कोच असलेला लिंडी रफ गेला आणि 2014 च्या जानेवारीत मरे आला. योजना सरळ होती: तळ गाठायचा. 2015 च्या ड्राफ्टमध्ये कॉनर मॅकडेव्हिड होता, पिढीत एखादाच होतो तसा खेळाडू. त्याच्यामागे जॅक आयकल. त्या वर्षीच्या नियमानं निवडीचा क्रम ठरवणारी लॉटरी फक्त पहिल्या क्रमांकाची, म्हणजे शेवटच्या संघाला दोघांपैकी एक नक्की.

26 मार्च 2015 ची रात्र बफेलोत कोणी विसरत नाही. पाहुणा संघ अॅरिझोना कायोटीज, तोही तळाच्या शर्यतीतलाच. सामना जादा वेळेत गेला आणि अॅरिझोनाच्या सॅम गॅन्येनं गोल केला. घरच्या मैदानावर, घरच्या संघाविरुद्ध. प्रेक्षक उठून ओरडले ते आनंदानं. बर्फावरच्या खेळाडूंनी ते ऐकलं, आणि नंतर बोलूनही दाखवलं. सेबर्स 54 गुणांवर शेवटचे आले, पहिल्या क्रमांकाची शक्यता 20 टक्के. एडमंटनची 11.5 टक्के. लॉटरीचे चेंडू एडमंटनचे निघाले. मॅकडेव्हिड तिकडे गेला, बफेलोला आयकल मिळाला.

त्या रात्रीच्या टाळ्यांबद्दल चाहत्यांत आजही दोन तट आहेत. एक म्हणतो, व्यवस्थाच अशी आहे, आम्ही हिशेबानं वागलो. दुसरा म्हणतो, हरण्याची लाज एकदा गेली की परत येत नाही. मला दुसरा पटतो, पण भावनेपोटी नाही. ड्रेसिंग रूममधले पंचवीस-सव्वीस वर्षांचे खेळाडू तळ गाठण्याच्या योजनेत कच्चा माल असतात. त्यांच्या हाताखाली पुढचे अठरा वर्षांचे हिरे तयार व्हायचे असतात. शिकवणाऱ्यालाच जर आपण हरावं असं घरचे प्रेक्षक सांगत असतील, तर शिकणारा काय शिकणार? 2018 च्या एप्रिलमध्ये सेबर्सच्याच रायन ओ’रायलीनं कबूल केलं की हरणं चालवून घेण्याची वृत्ती संघात शिरली आहे आणि आपलंही खेळावरचं प्रेम अधूनमधून आटतं. प्रामाणिक वाक्य होतं. तीन महिन्यांत त्याला विकलं.

तो ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, जीएमच्या परीक्षेसाठी पाठ्यपुस्तकात घालावा असा आहे. 1 जुलै 2018. त्याच दिवशी ओ’रायलीला 75 लाख डॉलरचा बोनस द्यायचा होता. ट्रेड झाला आणि तो सेंट लुईसनं भरला. बदल्यात आले पॅट्रिक बर्गलुंड, व्लादिमिर सोबोत्का, टेज थॉम्पसन नावाचा एक लांबुळका पोरगा, 2019 ची पहिल्या फेरीची निवड आणि 2021 ची दुसऱ्या फेरीची. पहिल्याच हिवाळ्यात बर्गलुंड संघ सोडून घरी गेला. सोबोत्का चालला नाही. ओ’रायलीनं सेंट लुईसला स्टॅन्ली कप जिंकून दिला आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. वर कडी म्हणजे सेंट लुईस जिंकल्यामुळे त्यांची पहिल्या फेरीची निवड घसरून 31 वी, म्हणजे फेरीतली शेवटची झाली. 2019 च्या जूनमध्ये बॉटरिलला शिव्या न देणारा माणूस बफेलोत शोधावा लागला असता.

आणि थॉम्पसन? पहिली तीन वर्षं त्याला नीट सूर सापडला नाही. मग 2021-22 मध्ये कोच डॉन ग्रॅनाटोनं त्याला विंगवरून, म्हणजे कडेच्या जागेवरून, मधल्या सेंटरला आणलं. त्या हंगामात 38 गोल, पुढच्यात 47. पुन्हा तीच वही: आणला बॉटरिलनं, तोपर्यंत बॉटरिल जाऊन वर्ष उलटलेलं, बहर आला अॅडम्सच्या राज्यात, आणि करामत कोचची. ट्रेड वाईट होता का? 2019 च्या दृष्टीनं भयंकर. 2023 च्या दृष्टीनं बरा. मला विचाराल तर थॉम्पसनच्या गोलांनी तो ट्रेड धुऊन निघत नाही. कारण त्या दिवशी संघाला हवा होता नेमका ओ’रायलीसारखा माणूस, दोन्ही बाजूंनी खेळणारा, फेसऑफ (पक टाकून खेळ सुरू होताना होणारी झटापट) जिंकणारा, पोरांना दाखवून देणारा. ती जागा पुढे कित्येक वर्षं रिकामीच राहिली.

ट्रेडबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण चाहते घरबसल्या जे सौदे जुळवतात त्यात ही चूक ठरलेली. चार पावल्यांचा रुपया होतो, हॉकीत होत नाही. बर्फावर एका वेळी गोलरक्षक सोडून पाचच जण. चार बरे खेळाडू देऊन एक अव्वल मिळवणारा जिंकतो, कारण तो अव्वल माणूस वीस-बावीस मिनिटं खेळतो आणि बऱ्यांची जागा कोणीही भरून काढतो. बफेलो पुन्हा पुन्हा उलट्या बाजूला उभं राहिलं: अव्वल दिला, मोड घेतली. दुसरं, समोरच्या खेळाडूच्या नकार-यादीत आपलं शहर आहे का, हे न बघता जुळवलेला सौदा म्हणजे मुलीला न विचारता छापलेली पत्रिका.

2020 च्या जूनमध्ये जे झालं त्याकडे चाहत्यांचं पुरेसं लक्ष जात नाही, असं मला नेहमी वाटतं. 16 तारखेला बॉटरिलला काढलं, इथपर्यंत ठीक. पण त्याच दिवशी त्याचे सहाय्यक, रॉचेस्टरच्या दुय्यम संघाचा कोच आणि स्काउटांचा मोठा ताफा मिळून 22 जण घरी गेले. करोनाचा काळ, महसूल बंद, खर्च आवरायचा होता. स्काउट म्हणजे कोण? सस्कॅचेवानच्या एखाद्या गावात, फिनलंडच्या एखाद्या छोट्या मैदानात उणे वीसमध्ये बसून सतरा वर्षांच्या पोराच्या एकाच हंगामात दहा-बारा सामने बघणारा माणूस. पक (खेळातली रबरी चकती) आपल्याकडे नसताना तो काय करतो, मार बसल्यावर पुढच्या पाळीला कसा येतो, बाकावर कोणाशेजारी बसतो, हे व्हिडिओत येत नाही. कॅमेरा पकामागे धावतो. वाईट जीएम तीन वर्षं त्रास देतो. मोडलेला स्काउटचा ताफा किती वर्षं त्रास देईल हे मोजायचीही सोय नाही, कारण जो खेळाडू निवडलाच नाही त्याचं नाव वहीत नसतं.

त्याच दिवशी अॅडम्सला जीएम केलं. माणूस इथलाच, बफेलोजवळच्या क्लॅरेन्सचा. 2006 मध्ये कॅरोलायनाकडून स्टॅन्ली कप जिंकलेला, आणि त्या वाटेवर उपांत्य फेरीच्या सातव्या सामन्यात कॅरोलायनानं हरवलं होतं ते बफेलोलाच. जीएमपदाचा अनुभव शून्य; त्याआधी तो संघाच्या व्यवसायाची बाजू सांभाळत होता. मालकाशी सूत जुळतं, घरचा माणूस आहे, या निकषावर झालेली नेमणूक आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्यांत फार ओळखीची वाटेल.

त्याच्या वाट्याला आयकलचं प्रकरण आलं. 2021 च्या मार्चमध्ये आयकलच्या मानेतली चकती सरकली. संघाच्या डॉक्टरांचं मत मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेकडे. आयकलला कृत्रिम चकती बसवायची होती, जी एनएचएलच्या कोणा खेळाडूनं तोवर केली नव्हती. त्या वेळच्या करारानुसार उपचाराचा शेवटचा शब्द संघाचा. आठ महिने कोंडी. 4 नोव्हेंबर 2021 ला तो वेगासला गेला. अॅलेक्स टक, पेटन क्रेब्स आणि निवडी आल्या. वेगासनं त्याला हवी ती शस्त्रक्रिया करू दिली. 2023 मध्ये वेगास जिंकलं आणि प्लेऑफमध्ये सर्वाधिक गुण (गोल आणि गोलाला दिलेले पास मिळून) आयकलचे होते. त्याच 2021 च्या उन्हाळ्यात सॅम राइनहार्ट फ्लॉरिडाला गेला. 2023-24 मध्ये त्यानं 57 गोल केले आणि 2024 च्या अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यातला निर्णायक गोलही त्याचाच. गोलरक्षक लिनस उल्मार्क करार संपवून बॉस्टनला गेला, 2023 ला लीगचा सर्वोत्तम गोलरक्षक. बफेलोचे चाहते जूनमध्ये दूरदर्शनसमोर बसतात ते आपल्या माजी खेळाडूला चषक उचलताना बघायला. जावयाच्या घरी लेक सुखात आहे, असं म्हणून डोळे पुसायचे.

तरी अॅडम्सच्या बाजूनं बोलणारे होते, आणि 2023 च्या वसंतात त्यांचं पारडं जड होतं. संघ लीगमधल्या सर्वांत तरुणांत, 91 गुण, प्लेऑफ एका गुणानं हुकला. 92 गुण मिळवून आत गेलेली फ्लॉरिडा त्या वर्षी थेट अंतिम फेरीत पोचली. एका गुणाचं अंतर तेवढं होतं. मला विचाराल तर अॅडम्सची खरी चूक त्यानंतरच्या तीन महिन्यांत आहे, आधीच्या तीन वर्षांत नाही. घर बांधून झालं होतं, छप्पर राहिलं होतं: एक अनुभवी गोलरक्षक आणि दुसऱ्या-तिसऱ्या फळीत दोन तिशीचे, कुटणारे फॉरवर्ड. त्यानं आणले दोन बचावपटू, कॉनर क्लिफ्टन आणि वयस्क एरिक जॉन्सन. गोलमध्ये नवखा डेव्हन लेव्ही. तरुण पोरं आपोआप दहा गुण वाढवतील, या गृहीतावर हंगाम सुरू झाला आणि 84 गुणांवर संपला. पुढचा 79. तरुण संघ सरळ रेषेत सुधारत नाही. दोन पावलं पुढे, एक मागे, आणि मागच्या पावलाला हात देणारा कोणी लागतो. त्यातून टोपीखाली जागा मोकळी ठेवून हंगाम सुरू करायचा. मोकळी जागा गोल करत नाही, हे वाक्य बफेलोत म्हणीसारखं वापरतात.

2024 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात सलग 13 सामने जिंकता आले नाहीत. ती घसरण चालू असतानाच अॅडम्सनं पत्रकारांसमोर सांगितलं की बफेलोला यायला खेळाडू तयार होत नाहीत. आमच्याकडे पामची झाडं नाहीत, आणि न्यूयॉर्कचे कर आहेत. झालं. लोक प्लास्टिकची पामची झाडं घेऊन सामन्याला यायला लागले.

गंमत अशी की मुद्दा अर्धा खरा आहे. फ्लॉरिडा, टेक्सस, नेवाडा, टेनेसी या राज्यांत राज्याचा प्राप्तिकर नाही, आणि गेल्या काही वर्षांतले बरेचसे चषक तिकडेच गेलेत. पण खेळाडू जिथे खेळतो तिथेही कर भरतो, त्यामुळे फायदा वाटतो तेवढा सरळ नसतो. आणि विनिपेगचं काय? बफेलोहून थंड, कॅनडाचे कर, पामचं झाड औषधाला नाही. 2024-25 मध्ये विनिपेग 116 गुणांनी लीगमध्ये पहिलं आलं, आणि त्यांच्या दोन मोठ्या खेळाडूंनी त्याआधीच सात-सात वर्षांचे करार केले होते. लोक ऊन बघून येतात, तसेच जिंकायला मिळेल म्हणूनही येतात. अॅडम्स चुकला तो हे मोठ्यानं बोलून. दुकानदारानं स्वतःच दारात उभं राहून आमच्याकडे गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणावं, अशातली गत. सीमेपलीकडे दोन तासांवर टोरांटो. तिकडचे चाहते बफेलोचं मैदान निळं करून टाकतात, त्यांनी हे वाक्य फार दिवस पुरवून खाल्लं.

मग चाहते मालकाकडे वळतात. हिशेब सोपा: 2013 पासून चार जीएम, रफ-रॉल्स्टन-नोलन-बाइल्स्मा-हाउस्ली-क्रुगर-ग्रॅनाटो आणि फिरून रफ असे कोच; न बदललेला माणूस एकच. जीएमला काढा म्हणून ओरडता येतं, मालकाला काढता येत नाही. त्याच्यावर एकच उपाय, सीझन तिकीट न घेणं, आणि तो उपाय करणारा स्वतःचाच हिवाळा गमावतो. यावर दुसरी बाजू अशी की पेगुलाकडे बफेलो बिल्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघही आहे. तोच मालक, तोच बर्फ, तेच कर. बिल्सही 17 हंगाम प्लेऑफबाहेर होते. 2017 मध्ये नवा कोच आणि नवा जीएम आले, दोघांना बाहेरून घेतलं, हात न घालता वर्षानुवर्षं ठेवलं, आणि दुष्काळ पहिल्याच हंगामात संपला. म्हणजे मालक वाईटच असेल असं नाही. हॉकीत त्यानं खुर्चीसाठी तीनदा पहिल्यांदाच जीएम होणारा माणूस निवडला: मरे, बॉटरिल, अॅडम्स. अनुभवी माणूस महाग असतो आणि तो मालकालाही नाही म्हणतो.

केकलाइनेन तो चौथा, आणि अनुभव असलेला पहिला. कोलंबसला अकरा वर्षं जीएम होता. 2025 च्या मे महिन्यात तो सल्लागार म्हणून आला तेव्हाच चाहत्यांनी ओळखलं होतं. 15 डिसेंबर 2025 ला अॅडम्सला काढलं तेव्हा संघ पूर्व विभागाच्या तळाजवळ होता, पण त्या आठवड्यात एडमंटन, व्हँकूव्हर, सिअॅटल असे तीन सामने ओळीनं जिंकून आलेला. आणि मग जिंकतच राहिला. सलग दहा.

आता हे दहा कोणाचे, यावर बफेलोत भांडण. पहिले तीन तर अॅडम्स खुर्चीत असतानाचेच. कप्तान रास्मस डालीन 2018 ची निवड, बॉटरिलची. थॉम्पसन बॉटरिलचा. गोलरक्षक लुकोनेन 2017 चा, बॉटरिलचाच. टक अॅडम्सचा, जॉश डोन अॅडम्सचा, रफला परत आणला तोही अॅडम्सनं. केकलाइनेननं तोवर एकही मोठा ट्रेड केला नव्हता. एक तट म्हणतो, नुसत्या माणसाच्या जाण्यानं खोलीतली हवा बदलली. दुसरा म्हणतो, जाणाऱ्याचंच पीक होतं, कापणीच्या तोंडावर त्याला हाकललं. तिसरा, माझ्या ओळखीचा तट, टोपीचा तक्ता उघडून स्किनरच्या ओळीवर बोट ठेवतो आणि विचारतो, 64 लाख पुढच्या वर्षी कुठून काढायचे ते आधी सांगा.